कंधार आणि कंदाहार

आता टायपिंग कोणी करून घेत नाही. पोरं व्हॉट्सॲपवर फाइल टाकतात आणि म्हणतात, ‘काका, फक्त सेटिंग करून द्या.’ पूर्वी हस्तलिखितांचे गठ्ठे यायचे. कोणाची वेलांटी कुठं चुकते, कोण संदर्भ डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, सगळं मला पाठ असायचं. कंधारच्या बसस्टँडजवळ वीस-बावीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवतोय. स्वतः बी.ए.च्या पुढं गेलो नाही, पण पीएचडीचे प्रबंध ओळ न् ओळ वाचलेत. काही तर त्यांच्या गाईडपेक्षाही जास्त वेळा.

गेल्या उन्हाळ्यात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक पोरगी इतिहासाचं प्रकरण घेऊन आली. विषय आमचाच, कंधारचा भुईकोट. फाइल उघडली आणि बघतच राहिलो. शुद्धलेखनाची एक चूक नाही. स्वल्पविराम जागच्या जागी. दर चौथ्या ओळीला ‘परिणामी’ नाहीतर ‘उल्लेखनीय बाब म्हणजे’. आमच्या भागातलं माणूस एवढं गुळगुळीत लिहीत नाही.

‘बाई, चॅटजीपीटीनं लिहिलं का?’

‘थोडंच, काका. सगळेच करायलेत.’

नवव्या पानावर हात थांबला. शाहजहानच्या काळात, १६३८ मध्ये, अली मर्दान खानानं कंधारचा किल्ला मोगलांच्या हवाली केला, असं लिहिलेलं. खाली तळटीप, पुस्तकाच्या नावासकट, पान क्रमांकासकट. आता अली मर्दान खानानं किल्ला दिला हे खरं. सालही खरं. पण तो किल्ला अफगाणिस्तानातल्या कंदाहारचा! आमचा कंधार मोगलांनी त्याआधीच, १६३१ मध्ये, नसीरी खानाला पाठवून घेतला होता. हे मला माहीत, कारण या किल्ल्यावरचं लिखाण याआधीही माझ्याच हाताखालून गेलंय.

हा घोटाळा तसा जुना आहे. १९९९ च्या डिसेंबरात विमान पळवून कंदाहारला नेलं, तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं होतं, ‘तुमच्याकडंच उतरलंय का हो?’ पण पाहुण्यांनी विचारलं तरी. यंत्रानं विचारलंसुद्धा नाही.

ते असं का करतं, हे माझ्या भाच्यानं मला समजावून सांगितलं. तो पुण्यात कंपनीत आहे. चॅटजीपीटी किंवा जेमिनी म्हणजे पुस्तकांचं कपाट नव्हे. जगभरचा अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागं कोणता शब्द येतो, एवढं ते शिकलेलं असतं. अफगाणी कंदाहारवर इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलंय, आमच्या कंधारवर मूठभर. पारडं आपोआप तिकडं झुकतं. तळटीपेचंही तेच. तळटीप दिसते कशी हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तशी दिसणारी एक तयार होते. त्या पोरीनं ते पुस्तक दोन दिवस शोधलं. नव्हतंच. हे फक्त आमच्याच गावात होतं असंही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरून बसले.

‘पण काका, प्लॅगमध्ये तर चारच टक्के आलंय.’

येणारच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, साठपर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं, त्याच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण प्लॅग, म्हणजे वाङ्मयचोरी, तपासणारं सॉफ्टवेअर बघतं एवढंच, की हा मजकूर आधी कुठं आलाय का. यंत्र वाक्यं ताजी पाडून देतं. खोटं असलं तरी ते ताजं, म्हणून पास.

टक्क्यांवरचा माझा विश्वास आधीच उडालेला आहे. जुन्या फॉन्टच्या काळात, म्हणजे युनिकोड रुळायच्या आधी, पडद्यावर सुंदर मराठी दिसायचं, पण आत सगळी रोमन अक्षरांची खिचडी असायची. असा प्रबंध तपासायला गेला की यंत्राला मराठी दिसायचीच नाही. साम्य जवळजवळ शून्य! अर्धा प्रबंध दुसऱ्याचा असला तरी शून्यच.

आणि आता ‘हे एआयनं लिहिलं’ असं सांगणारी सॉफ्टवेअर आलीत, त्यांचीही तीच गत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी यंत्राचे ठरवले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन त्याच वर्षी जुलैत बंद केलं, कारण ते नीट ओळखतच नव्हतं. आमच्याकडचं पोरगं डिक्शनरी घेऊन साधं, सरळ इंग्रजी लिहितं. उद्या त्यालाच चोर ठरवलं तर?

मी यंत्राच्या विरोधात आहे असं समजू नका. त्या पोरीची संदर्भसूची आडनावांप्रमाणं लावायला मला पूर्वी दोन दिवस लागले असते. ते काम चहा होईस्तोवर झालं. इंग्रजी लेख तिला मराठीत उलगडून मिळाले. तिनं लिहिलेल्या मराठी सारांशाचं इंग्रजीही बरं झालं, ‘कंधार’चं स्पेलिंग मात्र आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केलं. ज्या कामात चूक झाली तर आपल्याला दिसते, ते काम त्याला खुशाल सांगावं. अली मर्दान खान तिला दिसला नाही, कारण ती तोवर वाचायचं सोडून विचारत बसली होती.

‘किल्ला बघितलास का?’ मी विचारलं. लहानपणी सहलीला बघितला होता म्हणाली. दुकानापासून फार लांबही नाही.

पंधरा दिवसांनी आली ती वही घेऊन. खंदकाचं चित्र काढलेलं, पाण्यावर हिरवी साय धरलीय अशी नोंद. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे बघून आली होती. एकट्या पावलाशेजारी स्वतःची चप्पल ठेवून तिनं फोटो काढला होता, माप कळावं म्हणून. राष्ट्रकूटांच्या काळातल्या तलावावर दोन पानं, तीही हातानं. ‘ऐतिहासिक’ची वेलांटी चुकलेली.

बऱ्याच वर्षांनी मी हस्तलिखित टाइप करायला बसलो. त्या तलावाचं नाव, ‘जगत्तुंग समुद्र’, लिहिलं, तर खाली लाल रेघ आली. ‘इग्नोअर’ दाबलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.