शस्त्रास्त्र-व्यापार संशोधन

शस्त्रास्त्र-व्यापार संशोधन : विक्री, कर्ज, अनुदान वा देणगी या मार्गांनी एका राष्ट्राकडून दुसऱ्या राष्ट्राकडे जाणारी शस्त्रे व त्यांसोबतचे सैनिकी साहाय्य यांची पद्धतशीर नोंद करून तिचा अर्थ लावणारी अभ्यासशाखा. या व्यवहारात विक्रेता व ग्राहक या दोघांनाही गुप्तता सोयीची असते. त्यामुळे त्याची विश्वसनीय माहिती नागरिकांना व लोकप्रतिनिधींना उपलब्ध करून देणे, हे या संशोधनाचे मुख्य प्रयोजन होय.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने शस्त्रे व दारूगोळा यांच्या व्यापाराचे सांख्यिकीय वार्षिक प्रसिद्ध केले (१९२४–३८). अमेरिकेत सिनेटर जेरल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शस्त्रउद्योगाच्या नफेबाजीची चौकशी केली (१९३४–३६). तथापि सरकारांपासून स्वतंत्र अशा अखंड नोंदीस खरा आरंभ स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेमुळे (सिप्री) झाला. स्वीडनमधील दीडशे वर्षांच्या अखंड शांततेच्या स्मरणार्थ १९६६ मध्ये ती स्थापन झाली. तिच्या उभारणीत आल्व्हा म्यूर्दाल यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९८२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिसऱ्या जगाशी होणाऱ्या शस्त्रव्यापारावरील संस्थेचा बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या नोंदी १९५० पासूनच्या व्यवहारांच्या आहेत.

या क्षेत्रातील संशोधकाचे काम हेरगिरीचे नव्हे, तर वाचनाचे व पडताळणीचे असते. वृत्तपत्रे, सैनिकी नियतकालिके, संसदीय कागदपत्रे, कंपन्यांचे अहवाल आणि संचलनांची छायाचित्रे यांतून तो एकेका व्यवहाराची नोंद तयार करतो. मागणी, मंजुरी व प्रत्यक्ष पोच हे तीन भिन्न टप्पे असून त्यांची गल्लत झाल्यास एकच विमान दोनदा मोजले जाते. अमेरिकी काँग्रेसला कळविली जाणारी रक्कम ही बहुधा कमाल अंदाज असते. प्रत्यक्ष करार त्याहून लहान असू शकतो किंवा होतही नाही.

पैशाचा आकडा फसवा ठरतो, ही या शाखेतील मूलभूत अडचण होय. उदा., रशियाची ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही विमानवाहू नौका भारतास विनामूल्य देण्यात आली. मात्र नूतनीकरणाचा खर्च वाढत जाऊन सु. २३५ कोटी डॉलरांवर गेला आणि २०१३ मध्ये ती ‘विक्रमादित्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. यास्तव सिप्री किंमत न मोजता शस्त्राची सैनिकी क्षमता दर्शविणारे एक कल्पित एकक वापरते. त्यात वापरलेल्या शस्त्रास नव्याच्या ४० टक्के, तर मोठ्या प्रमाणावर नूतनीकरण केलेल्यास ६६ टक्के मूल्य दिले जाते. पोच दरवर्षी कमी-अधिक होत असल्याने तुलना पाच वर्षांच्या कालखंडांची करतात. अशा तुलनांत भारत दीर्घकाळ जगातील मोठ्या आयातदारांपैकी एक आहे.

सुरक्षा-साहाय्याची मोजणी याहून अवघड असते. कारण प्रशिक्षण वा सल्ला दृश्य वस्तू नव्हे. परदेशी पोलिसांना दिलेले साहाय्य दडपशाहीस हातभार लावते, अशी टीका झाल्यावर अमेरिकी काँग्रेसने १९७४ मध्ये त्यावर निर्बंध घातले. १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण अधिनियमाने मोठ्या विक्रीची पूर्वसूचना काँग्रेसला देणे बंधनकारक केले. सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९७ च्या तरतुदीनुसार मानवी हक्कांचा गंभीर भंग करणाऱ्या सैनिकी तुकड्यांचे साहाय्य रोखता येते. अशा तरतुदींची अंमलबजावणी कोणत्या तुकडीला काय मिळाले, या नोंदीवरच अवलंबून असते.

इराकला सोव्हिएट रशिया, फ्रान्स व इतर देशांनी पुरविलेल्या शस्त्रांचा साठा किती मोठा झाला होता, हे १९९० मधील कुवेतवरील आक्रमणाने जगासमोर आले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये पारंपरिक शस्त्रांच्या सात वर्गांची ऐच्छिक नोंदवही सुरू केली. २०१३ मध्ये संमत झालेला शस्त्रव्यापार करार २४ डिसेंबर २०१४ रोजी अंमलात आला.

या संशोधनास मर्यादा आहेत. यादवी युद्धांत प्राणहानीस कारणीभूत होणाऱ्या बंदुकांसारख्या लहान शस्त्रांची सर्वसाधारण मोजणी सिप्रीच्या नोंदीत होत नाही. शिवाय नोंद म्हणजे नियंत्रण नव्हे. इराकला जाणारी बरीच शस्त्रे आक्रमणापूर्वीच प्रसिद्ध आकडेवारीत आलेली होती. मात्र नोंदच नसेल, तर पुरवठादारास जाब विचारण्याचा आधारही उरत नाही. या शाखेचे महत्त्व त्यातच आहे.