पडदा काळा पडला, दोष कोणाचा?

संगणक बिघडतो तो बहुधा नको त्याच दिवशी. आमच्या सोसायटीतील एक मुलगी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. सबमिशनला चार दिवस उरले असताना तिच्या संगणकाचा पडदा आधी थरथरला आणि मग काळा पडला. यंत्र चालू, पंखे फिरताहेत, दिवे लुकलुकताहेत. पण पडद्यावर काही नाही. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, ‘कार्ड गेलंय काका, नवीनच घाला.’ वडिलांनी बावीस हजार रुपये मोजले. जुने कार्ड ‘आता भंगारच’ म्हणून दुरुस्तीवाला घेऊन गेला. तिसऱ्या रात्री नवे कार्ड बसवलेल्या त्याच संगणकाचा पडदा पुन्हा काळा पडला. दोष कार्डाचा नव्हताच.

असा प्रसंग अनेक घरांत घडतो. ग्राफिक्स कार्ड हा आज संगणकातील बहुधा सर्वांत महाग भाग असतो आणि पडद्याशी संबंधित प्रत्येक तक्रारीचे खापर त्याच्यावरच फोडले जाते. थोडा क्रम पाळून तपासणी केली, तर खरा दोषी घरच्या घरी ओळखता येतो.

कार्ड करते तरी काय?

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हापासून चित्र दाखविण्याचे काम एका वेगळ्या कार्डाकडे सोपविलेले होते. त्या काळचे ‘सीजीए’ कार्ड ३२० बाय २०० ठिपक्यांच्या चित्रात एका वेळी जेमतेम चार रंग दाखवी. १९८७ मध्ये ‘व्हीजीए’ आले. जुन्या मॉनिटरच्या पंधरा पिनांच्या जोडणीने ते नाव अजून जपले आहे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २०२२ मध्ये इंटेलनेही ‘आर्क’ या नावाने स्वतंत्र कार्डे आणली.

आजचे कार्ड म्हणजे संगणकातला दुसरा संगणकच. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, वीज नियंत्रित करणारी स्वतःची मंडले आणि स्वतःचे पंखे असतात. शिवाय ते मदरबोर्ड, वीजपुरवठा, ड्रायव्हर आणि केबल या चौघांवर अवलंबून असते. यांपैकी कोणीही रुसले, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळपास सारखाच असतो. निदान चुकते ते इथेच.

आधी सोपे, मग अवघड

पहिली तपासणी केबलची. कॅबिनेटच्या मागे चित्राच्या जोडण्या दोन ठिकाणी असतात. वर मदरबोर्डच्या उभ्या रांगेत आणि खाली कार्डावर आडव्या. साफसफाईनंतर केबल चुकून वरच्या जोडणीत लावली जाते आणि कार्ड ‘मेले’ असा समज होतो. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे का, हेही पाहावे. शक्य असल्यास दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून बघावा.

त्यानंतर कार्ड काढून पुन्हा बसवावे. संगणक बंद करून भिंतीवरच्या सॉकेटमधून प्लग काढावा, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे म्हणजे साठलेली वीज निघून जाईल आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. ती न दाबता कार्ड ओढल्यास स्लॉट तुटतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसाव्यात. अनेक कारागीर त्यासाठी खोडरबर वापरतात. तो मऊ असावा आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. हीच सफाई रॅमच्या पट्ट्यांचीही करावी, कारण काळ्या पडद्यामागे पुष्कळदा सैल झालेली रॅमच असते.

सुरू होताना संगणक काही सांगतो का, याकडेही लक्ष द्यावे. ‘अवॉर्ड’ बायॉस असलेल्या जुन्या मदरबोर्डवर एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे चित्राच्या यंत्रणेत दोष. अलीकडच्या अनेक मदरबोर्डवर ‘व्हीजीए’ अक्षरांजवळ छोटा दिवा पेटतो.

प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडावा. चित्र व्यवस्थित आले, तर संशय कार्ड आणि त्याला मिळणारी वीज या दोहोंपुरता उरतो. मात्र इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, हे ध्यानात असावे.

लक्षण केव्हा दिसते?

पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा वा चौकटी दिसतात, एवढे पुरेसे नाही. त्या केव्हा दिसतात हे महत्त्वाचे.

विंडोज सुरू होण्यापूर्वी, कंपनीचे बोधचिन्ह झळकतानाच रेघा दिसत असतील, तर ड्रायव्हरचा संबंध नाही, कारण तो अजून जागाच झालेला नसतो. केबल आणि मॉनिटर निर्दोष असतील, तर कार्डाची मेमरी किंवा मुख्य चिप दुखावली असण्याची शक्यता मोठी.

विंडोज सुरू झाल्यावरच त्रास होत असेल, तर ‘सेफ मोड’मध्ये जाऊन पाहावे. तेथे विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या ड्रायव्हरवर चालते. सेफ मोडमध्ये पडदा स्वच्छ असेल, तर आधी ड्रायव्हरकडे वळावे. ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले’ अशा अर्थाची सूचनाही याच गटातली. व्हिस्टापासून विंडोज कार्डाच्या उत्तराची सामान्यतः दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. अशा वेळी जुना ड्रायव्हर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’सारख्या मोफत प्रोग्रामने समूळ काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा नवा बसवावा. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परतावे.

तिसरा प्रकार म्हणजे एरवी सारे सुरळीत आणि खेळ किंवा त्रिमिती आराखडा सुरू केला, की काही मिनिटांत पडदा काळा. येथे दोनच मुख्य संशयित : उष्णता आणि वीज.

उष्णता आणि वीज

उष्णतेची तपासणी सोपी आहे. तापमान दाखविणारे मोफत प्रोग्राम मिळतात. जोरात काम चालू असताना मुख्य चिपचे तापमान ६५ ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे सामान्य. ते ९० च्या पुढे चढत असेल, तर धूळ, अडकलेला पंखा किंवा सुकलेली थर्मल पेस्ट यांचा शोध घ्यावा. आपल्याकडे रस्त्याकडेच्या घरांत वर्षभरात पंख्यामागे धुळीची गोधडीच तयार होते. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकाट फिरवल्यास त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

तापमान ठीक असूनही पडदा काळा पडत असेल, तर वीजपुरवठ्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे पाहावे. ‘४५० वॉट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण खरी माहिती बाजूच्या तक्त्यात असते. कार्डाला मुख्यतः १२ व्होल्टची वीज लागते. तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर एवढेच लिहिले असेल, तर गुणाकार येतो १६८ वॉट, आणि त्यातच प्रोसेसरलाही भागवायचे असते. आराखडा रंगवताना कार्डाने अचानक जास्त वीज मागितली, की असा एसएमपीएस हात टेकतो.

त्या मुलीच्या संगणकात नेमके हेच झाले होते. शेजारच्या घरातून चांगला एसएमपीएस उसना आणून लावला आणि रात्रभर काम विनातक्रार चालले. सबमिशन वेळेत झाले. पण निर्दोष जुने कार्ड तोवर कायमचे गेले होते.

भट्टीचा उपाय नको

बंद पडलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजल्यास जिवंत होते, असा एक उपाय बरीच वर्षे सांगितला जातो. त्याला आधार होता तो एका जुन्या प्रकरणाचा. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या जोडणीतील दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तापवल्यावर अशा चिपा काही दिवस चालत, पण मूळ दोष तसाच राही. शिवाय प्लास्टिक आणि कपॅसिटर तापून निघणारे वायू स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कोणाला हवेत? जाणकार कारागिराकडून पंखा, पेस्ट किंवा वीजमंडलातील एखादा भाग बदलून घेणे हीच खरी दुरुस्ती.

नवे घेण्यापूर्वी

कार्ड खरोखरच गेले असेल किंवा काम वाढले असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

पहिली वीज. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॉट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळतात. ‘आरटीएक्स ३०६०’ला १७० वॉट लागतात आणि कंपनी त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. ‘जीटी १०३०’ मात्र ३० वॉटवर भागवते. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली, तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

दुसरी जागा. कॅबिनेटमधील लांबी मोजपट्टीने मोजावी आणि कार्ड किती स्लॉटांची जाडी व्यापते, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट स्लॉट. पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या-नव्या पिढ्या एकमेकींत चालतात, पण वेग कमी असलेल्या पिढीचा मिळतो. २०२२ च्या ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ला केवळ चारच मार्गिका होत्या, जुन्या तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यामुळे त्याचा वेग स्पष्टपणे घटत असे. इंटेलच्या आर्क कार्डांना पूर्ण ताकद दाखवायला बायॉसमध्ये ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते.

चौथी गोष्ट मॉनिटर. नव्या कार्डांवर व्हीजीए जोडणी नसते. जुना मॉनिटर वापरायचा, तर संकेत रूपांतरित करणारा ॲक्टिव्ह अडॅप्टर हवा. साध्या जोडतुकड्याने चित्र येत नाही.

पाचवी गोष्ट ड्रायव्हरचे आयुष्य. २०१६ च्या ‘जीटीएक्स १०५० टीआय’सारख्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर थांबवून केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देण्याचे एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केले. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने कार्ड त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने विकत घेताना हा हिशेब करावा.

जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि खाणकामात रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीला आली. अशी कार्डे वाईटच असतात असे नाही. मात्र पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकते. लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ओळखीच्याकडून, किमान अर्धा तास जड काम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी एक पथ्य. दुरुस्तीवाल्याने ‘कार्ड गेले’ असे सांगितले, तर ते दुसऱ्या संगणकात लावून दाखवण्याची विनंती करावी. प्रामाणिक कारागीर त्याने दुखावत नाही. आणि खात्री पटेपर्यंत जुने कार्ड घराबाहेर जाऊ देऊ नये. त्या बावीस हजारांत एक उत्तम एसएमपीएस येऊन वर बरेच पैसे उरले असते.