वर्ध्यावरचे पावणेतीन मिलिमीटर

वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर. आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतच्या या भूभागावर आभाळात जेवढा म्हणून ओझोन आहे, तो सगळा खाली उतरवला, शून्य अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणून जमिनीवर सारखा पसरला, तर त्याचा थर किती जाड होईल? सुमारे २.७ मिलिमीटर. पावणेतीनही पुरते भरत नाहीत. तशाच रीतीने सगळी हवा दाबून बसवली तर तिचा थर आठ किलोमीटरच्या आसपास भरतो. एक कोटी रेणू मोजले, तर त्यांत ओझोनचे साधारण तीन.

या थराचं वजनही काढता येतं. अशा स्थितीत ओझोनचा एक घनमीटर २.१४ किलोचा असतो. गुणाकार केला की उत्तर येतं साडेछत्तीस हजार टन. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती, म्हणजे माणशी २८ किलो ओझोन. ऐकायला हे भरघोस वाटतं. पण त्याच जिल्ह्यावरच्या एकूण हवेचं वजन ६,३०० कोटी टन आहे. आणि पावसाचा हिशेब लावला तर आणखी नवल वाटतं. जिल्ह्यात सरसकट एक मिलिमीटर पाऊस झाला, तर पाणी पडतं ६३ लाख टन. वर्ध्यावरच्या सगळ्या ओझोनचं वजन या एका मिलिमीटरच्या पावणेदोनशेव्या भागाइतकं. एवढ्या पावसाची नोंद कुठल्याही पर्जन्यमापकात होणार नाही.

रेणूंची संख्या मात्र कल्पनेपलीकडची आहे. ४६ हा आकडा लिहून त्यापुढे ३१ शून्यं द्यायची. सूर्याच्या अतिनील किरणांमधला सर्वांत घातक भाग हे रेणू वरच्या वर अडवतात आणि त्यानंतरच्या भागातलाही बराचसा शोषून घेतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात शेतात, रस्त्याच्या कामावर, बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीचं आणि डोळ्यांचं संरक्षण त्या पावणेतीन मिलिमीटरवर अवलंबून आहे.

हा थर मोजण्याच्या एककाला ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ जी. एम. बी. डॉबसन यांचं नाव आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे एक डॉबसन. आपल्यावर २७० च्या आसपास, जगाची सरासरी ३००. अंटार्क्टिकावर हा आकडा २२० च्या खाली गेला की त्याला ओझोनचं छिद्र म्हणतात. १९९४ मध्ये तिथे ७३ पर्यंत घसरण नोंदली गेली. पाऊण मिलिमीटरही नाही.

‘वर्ध्यावरचा ओझोन’ म्हटलं तरी तो वर्ध्याचा नव्हे. त्याचा बहुतेक साठा जमिनीपासून २० ते ३० किलोमीटर उंचीवर असतो. पावसाळ्यात त्या उंचीवर पूर्वेकडून ताशी ७०-८० किलोमीटरने वारे वाहू शकतात. त्या वेगाने जिल्हा ओलांडायला तास-दीड तास पुरतो. सकाळी सेवाग्रामच्या माथ्यावर असलेले रेणू दुसऱ्या दिवशी अरबी समुद्रावर असतात. म्हणून ओझोन मोजायला प्रत्येक जिल्ह्यात यंत्र लागत नाही. लागते ती थोड्या, नेमक्या ठिकाणी वर्षानुवर्षं न चुकता केलेली नोंद. हवेच्या घटकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवणाऱ्या जागतिक जाळ्यात भारतीय हवामान खात्याची जी केंद्रं आहेत, त्यांतली दोन महाराष्ट्रात आहेत, पुणे आणि नागपूर. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर.

या कामाशी आपला संबंध जुना आहे. डॉबसन यांनी १९२८ च्या सुमारास आपली मोजकी यंत्रं जगभर पाठवली, त्यांतलं एक कोडाईकनालला आलं. पुढे चाळीसच्या दशकात के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी ओझोनची मापनं केली. त्यांच्यापुढे एक अस्सल देशी अडचण होती, धूळ. डॉबसनचं यंत्र दोन तरंगलांबींच्या अतिनील प्रकाशाची तुलना करतं, एक ओझोन जास्त शोषतो ती आणि दुसरी कमी शोषतो ती. त्या फरकावरून ओझोन किती ते ठरतं. पण उन्हाळ्यात हवेत धूळ आणि धूसरपणा दाटला की दोन्ही प्रकाश विखुरतात आणि हिशेब बिघडतो. हा बिघाड कसा वजा करायचा यावर दोघांनी १९४९ मध्ये निबंध लिहिला. युरोपातल्या धुतलेल्या आभाळाखाली जो प्रश्न फारसा जाणवला नसता, तो इथल्या उन्हाळ्याने समोर ठेवला. करंदीकरांचं नाव आज मराठी वाचकाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंतर साठच्या दशकात हवामान खात्याने स्वतःचं ओझोनसोंड घडवलं. त्यामागे अ‍ॅना मणी आणि सी. आर. श्रीधरन यांचं काम आहे. पुण्यातून ही यंत्रं फुग्याला बांधून आभाळात सोडली गेली. फुगा तीस किलोमीटरच्या वर जाऊन फुटतो. त्या प्रवासात एक छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून ओढत राहतो. द्रावणात शिरलेला ओझोनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉनांचा प्रवाह घडवतो. एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाइतका प्रवाह आला, तर सेकंदाला सुमारे तीन लाख कोटी रेणू मोजले जात आहेत असं समजायचं. एवढी मोजणी तळहातावर मावेल अशा कुपीत, चढत्या फुग्याखाली, उणे सत्तर अंशांच्या थंडीतून चाललेली असते.

पण आज किती ओझोन आहे हे कळणं हा या कामाचा सोपा भाग. खरा प्रश्न आहे तो वाढतोय की घटतोय. जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या आढाव्याप्रमाणे, ध्रुवांजवळचे प्रदेश सोडून उरलेल्या जगावर एकूण ओझोन १९९६ नंतर दर दशकात सरासरी ०.३ टक्के वाढला, आणि या आकड्यातली अनिश्चितताही तेवढीच. वर्ध्यावरच्या थराला हाच दर लावून पाहू. २७० चे ०.३ टक्के म्हणजे ०.८ डॉबसन. मिलिमीटरच्या हजार भागांतले आठ. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर भाग धरली, तर दहा वर्षांतला हा फरक केसाच्या नवव्या हिश्शाएवढा, तोही डोक्यावरच्या पन्नास किलोमीटर हवेत विखुरलेला.

हा फरक शोधायचा कशात? हिवाळा ते उन्हाळा एवढ्यातच आपल्याकडचा ओझोन ३०-४० डॉबसनने वरखाली होतो. म्हणजे एका वर्षातली हेलकाव्याची उंची दशकभराच्या बदलाच्या चाळीस-पन्नास पट. त्यावर विषुववृत्तावरच्या वाऱ्यांचं सुमारे २८ महिन्यांचं चक्र, सूर्याचं ११ वर्षांचं चक्र, आणि १९९१ च्या पिनाटुबोसारखा एखादा ज्वालामुखी. उत्तम निगा राखलेल्या डॉबसन यंत्राची अचूकता एक टक्का धरतात, ती स्वतःच दशकभराच्या बदलाच्या तिप्पट. एकेका नोंदीच्या बळावर इथे काहीच सिद्ध होत नाही. तीस वर्षं रोज एक नोंद घेतली तर जवळपास अकरा हजार नोंदी होतात, आणि त्यांतून पावसाळ्याचे ढगाळ दिवस गळतात. उरलेल्यांच्या सरासरीतून तो नववा हिस्सा वर काढायचा.

तेवढ्यानेही भागत नाही. सरासरीने इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना खोडतात, पण यंत्र हळूहळू एकाच बाजूला कलत गेलं तर सरासरी हतबल असते. वर्षाला फक्त ०.१ टक्क्याचा कल दशकात एक टक्का होतो आणि खऱ्या बदलाच्या तिप्पट खोटा बदल कागदावर उमटतो. म्हणून प्रत्येक यंत्र ठरावीक वर्षांनी मानक यंत्राशेजारी बसवून, त्याच सूर्याखाली, त्याच दिवशी पडताळावं लागतं. जगाचं मानक आहे डॉबसन क्रमांक ८३. देशोदेशीच्या नोंदी अखेर त्या एका यंत्राशी जोडलेल्या असतात.

उपग्रहांनी व्याप्ती वाढवली. १९७८ मध्ये निंबस-७ वरून मोजणी सुरू झाली तेव्हा चित्राचा एक ठिपका ५० किलोमीटर लांबी-रुंदीचा होता, त्यात अख्खा वर्धा जिल्हा दोन-तीन ठिपक्यांत संपायचा. २००४ नंतरच्या ऑरा उपग्रहावरून वीस ठिपके झाले. २०१७ च्या ट्रोपोमी यंत्राच्या आताच्या बारीक ठिपक्यांत ते तीनशेवर गेले आहेत. पण उपग्रह काही वर्षांनी निवृत्त होतात. एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जुळवायला जमिनीवरचं जुनं यंत्रच लागतं. अंटार्क्टिकातलं छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आणलं ते फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी, हॅली तळावर पन्नाशीच्या दशकापासून अखंड ठेवलेल्या डॉबसन नोंदींतून.

त्या छिद्रामागचे आकडेही असेच अंगावर येतात. क्लोरिनचा एक अणू संपण्याआधी ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. क्लोरिन सोडणाऱ्या, फ्रीजमध्ये पूर्वी वापरलेल्या सीएफसी-१२ वायूचं हवेतलं सरासरी आयुष्य १०२ वर्षं आहे. १९८५ मध्ये सुटलेल्या या वायूचा दोन तृतीयांश भाग आजही आपल्या डोक्यावर आहे. असे वायू रोखण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये आला. पण ओझोन १९८० च्या पातळीवर परतायला जगाच्या बहुतेक भागांत २०४० उजाडेल, अंटार्क्टिकावर २०६६. करार पाळला जातोय की नाही हेही अशाच मोजणीने कळतं. सीएफसी-११ चं प्रमाण हवेत लाख कोटी रेणूंमागे दोनशे-अडीचशे इतकं क्षुल्लक. तरी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कुणीतरी वर्षाला सुमारे १३ हजार टन जास्तीचा वायू सोडतोय. पुढे त्याचा बराचसा माग पूर्व चीनमध्ये लागला आणि गळती आटली.

आता खालचा ओझोन. वर जो राखणदार आहे तोच जमिनीलगत पिकाचा शत्रू. वाहनं, कारखाने, जाळलेला कचरा यांच्या धुरावर ऊन पडलं की तो तयार होतो. हवेच्या एका घनमीटरात आठ तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅम ही भारतातली मर्यादा. जिल्ह्यावरच्या पहिल्या एक किलोमीटर हवेत एवढा ओझोन भरला तर तो होतो ६३० टन, वरच्या साठ्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २००५ या एका वर्षाचा हिशेब मांडला. जमिनीलगतच्या ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला होता. कापूस आणि सोयाबीन, म्हणजे वर्ध्याची रोजीरोटी, हीदेखील ओझोनने खंगणारी पिकं आहेत.

शिवाय हा वायू उष्णता धरून ठेवतो. १७५० पासून ओझोनमध्ये झालेल्या बदलांनी पृथ्वीच्या दर चौरस मीटरवर ०.४७ वॅटची भर टाकली, असा हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा (आयपीसीसी) अंदाज आहे, बहुधा ०.२४ ते ०.७१ च्या दरम्यान. जागतिक सरासरी वर्धा जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने गुणली तर उत्तर येतं २,९६५ मेगावॅट. शेजारच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरचे सगळे संच अहोरात्र धडधडत ठेवून ती सारी ऊर्जा या एका जिल्ह्यावर ओतल्यासारखं आहे हे.

आता पुन्हा वरचा ओझोन. तो पूर्वपदावर येण्याची २०४० ही तारीख आपल्याला मात्र सरळ लागू होत नाही. उष्ण कटिबंधावर दर दशकाचा बदल इतका लहान आहे, की तो शून्यापासून वेगळा दाखवणं आजही अवघड जातं. पृथ्वी तापते तसं उष्ण कटिबंधातून हवा वर उचलून ध्रुवांकडे नेणारं अभिसरण वेग घेईल, आणि त्याने आपल्या डोक्यावरच्या ओझोनचा खालचा भाग पातळ होत जाईल, असं हवामानाची गणिती प्रारूपं सांगतात. त्याच वेळी क्लोरिन कमी झाल्याने वरचा भाग भरत जाईल. यांतलं कोण किती पुढे सरकतं यावर वर्ध्याचा आकडा २७० च्या वर राहील की खाली जाईल ते ठरणार आहे. उत्तर मोजक्याच डॉबसनच्या आत दडलेलं आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या नोंदवहीत पाच वर्षांचं खिंडार पडलं, तर ते नंतर कितीही पैसा ओतून भरता येत नाही.