दलाली कोठे संपते, मदत कोठे सुरू होते (लेखांक सहावा)

मागील लेखांकात मानवी व्यापाराचा, म्हणजे फसवून वा धाक घालून माणसाचे शोषण करण्याच्या गुन्ह्याचा, विचार झाला. त्याच्याशी नेहमी गल्लत होते ती स्थलांतरितांच्या तस्करीची, जिच्यात माणूस बहुधा राजीखुशीने पैसे मोजतो आणि दलाल त्याला बेकायदा सीमेपार उतरवतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पूरक कराराने, ज्याला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली, या गुन्ह्याच्या व्याख्येतच आर्थिक अथवा अन्य भौतिक लाभाची अट घातली, कारण माणुसकीपोटी किंवा जवळच्या नात्यापोटी मदत करणारा त्यात गोवला जाऊ नये, असा करारकर्त्यांचा नोंदलेला हेतू होता.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बनावट आधार कार्डावर राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांना अटक झाल्याच्या बातम्या वारंवार येतात, पण असे कार्ड हाती पडण्यापूर्वी सीमेवरचा दलाल, कागदपत्रे तयार करून देणारा आणि मजुरांमागे कमिशन खाणारा ठेकेदार यांच्यापर्यंत पैसा पोहोचलेला असतो. महाळुंगे किंवा खराबवाडीच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली पोलिसांकडे भाडेकरूची नोंद न करता चढ्या भाड्याने देणाऱ्याचा लाभही तपासण्याजोगाच आहे. मात्र त्याच चाळीत तापाने फणफणलेल्या मुलाला तपासणारा डॉक्टर किंवा पगार बुडाल्यावर शिधा देणारी शेजारीण यांना त्याच साखळीत ओवणे सर्वस्वी अन्यायाचे होय.

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्टमध्ये बनावट पारपत्र किंवा व्हिसा वापरणाऱ्यास २ ते ७ वर्षांची कैद असून, परकीय नागरिकांची माहिती कळवण्याचे बंधन रुग्णालयांवरही आहे. माहिती कळवणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे, कारण राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचे संरक्षण परकीयांनाही लाभते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले. भारतीय न्याय संहितेतही गुन्ह्यास साहाय्य हेतुपुरस्सर असावे लागते. तरीही एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही. निर्दोष सुटेपर्यंत मदत करणाऱ्याची जी फरफट होते ती टाळण्यासाठी मोबदल्याविना केलेल्या मदतीस कायद्यातच स्पष्ट सूट हवी. फ्रान्सच्या संविधान परिषदेने जुलै २०१८ मध्ये, सेद्रिक एरू या शेतकऱ्याच्या प्रकरणात, बंधुतेच्या तत्त्वावरून वास्तव्य आणि देशांतर्गत प्रवास यांतील निःस्वार्थ मदतीला संरक्षण दिले, पण सीमा ओलांडवण्याला नाही. बंधुता हे मूल्य भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेतही आहे.

दलालाला शिक्षा व्हावी ही इच्छा खरी असेल, तर त्याने आणलेला मजूर हा प्रथम साक्षीदार आहे हे तपास यंत्रणेने ओळखले पाहिजे, कारण पैसे कोणाला, कोठे आणि किती दिले हे तोच सांगू शकतो. त्याला घाईने हद्दपार केल्यास खटला लंगडा पडतो, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब नोंदवणे आणि उलटतपासणीपर्यंत त्याला न्यायालयासाठी उपलब्ध ठेवणे अत्यावश्यक आहे.