चेंजलॉग कशासाठी? बदल 'काय' केला आणि 'का' केला

उबंटू किंवा डेबियन वापरत असाल, तर टर्मिनलमध्ये एपीटी, चेंजलॉग आणि बॅश हे तीन शब्द ओळीने टाइप करून बघा. बॅश पॅकेजमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची यादीच समोर येईल. हाच चेंजलॉग.

"गिट लॉग असताना हे वेगळं कशाला?" असं टीममध्ये नवीन आलेले हमखास विचारतात. माझं उत्तर असं: गिट लॉगमध्ये प्रत्येक कमिट असते, अगदी स्पेलिंग सुधारल्याचीसुद्धा. चेंजलॉगमध्ये फक्त तेवढंच, जे पॅकेज वापरणाऱ्याला आणि उद्या ते सांभाळणाऱ्याला कळायला हवं.

नोंदीत काय असतं?

डेबियनमध्ये पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, आवृत्ती, ती कुठल्या रिलीजसाठी आहे आणि किती तातडीची आहे हे असतं. खाली बदल, शेवटी करणाऱ्याचं नाव, ईमेल आणि तारीख. बिल्ड करताना आवृत्तीचा क्रमांक याच फाइलमधून घेतला जातो, त्यामुळे नोंद टाळता येत नाही. 'क्लोजेस' लिहून बगचा क्रमांक दिला, की पॅकेज स्वीकारलं गेल्यावर तो बग आपोआप बंद होतो. अनेकांनी काम केलं असेल, तर चौकटी कंसात ज्याचं त्याचं नाव आणि त्याखाली त्याचे बदल. मेंटेनर नसलेल्या कोणी अपलोड केलं, तर तसं स्पष्ट लिहायचं, मग 1.2-3 ची आवृत्ती 1.2-3.1 होते.

'का' लिहिणं का महत्त्वाचं?

2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमधून रँडम नंबरच्या कोडमधला एक भाग काढला गेला, कारण व्हॅलग्रिंड हे टूल त्यावर तक्रार करत होतं. मे 2008 मध्ये जाहीर झालं, की त्यामुळे तयार होणाऱ्या कीज ओळखता येण्यासारख्या होत्या: एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या कीसाठी साधारण 32 हजारच पर्याय! लोकांना कीज नव्याने बनवाव्या लागल्या.

गंमत म्हणजे तो बदल चेंजलॉगमध्ये होता, कारण आणि बगच्या क्रमांकासकट. म्हणजे चेंजलॉग चूक थांबवत नाही. पण बदल कुठल्या आवृत्तीत आणि कशासाठी झाला, हे शोधताना कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

म्हणून नुसतं 'बग फिक्स केला' लिहू नका. 'फाइलच्या नावात स्पेस असेल तर प्रोग्राम बंद पडायचा, ते दुरुस्त केलं' असं लिहा. दोन मिनिटं जास्त लागतील, पण दोन वर्षांनी तुमच्या जागी बसलेल्या माणसाचा अख्खा दिवस वाचेल.