अर्धी यंत्रे थांबली, वही चालू राहिली

चीनच्या सिचुआन प्रांतात जून महिना म्हणजे नद्या दुथडी भरून वाहण्याचे दिवस. तिबेटच्या पठाराकडून उतरणाऱ्या दादूसारख्या नद्यांवर लहानमोठी जलविद्युत केंद्रे आहेत. पावसाळ्यात ती इतकी वीज तयार करतात, की सगळी शहरांपर्यंत न्यायला तारा पुरत नाहीत. अशा केंद्रांच्या आसऱ्याने पत्र्याच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या होत्या. आत रॅकवर हजारो यंत्रे, प्रत्येकाला गरगरणारे पंखे, आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागेल असा घोंगावता आवाज. १८ जून २०२१ रोजी प्रांताने आदेश काढला: २० जूनपर्यंत २६ बिटकॉइन खाणी बंद करा. दोन दिवसांत पंखे थांबले आणि दरीत पुन्हा नदीचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्याच सुमारास चीनभर असेच घडत होते. काही आठवड्यांत जगातली जवळजवळ निम्मी बिटकॉइन यंत्रे बंद पडली. एखाद्या देशातले निम्मे कारखाने महिन्याभरात बंद पडले तर काय हाहाकार होईल! इथे मात्र पुढे जे घडले, ते वाचून मी थक्क झालो. ते समजायचे तर आधी ही खाण कसली, हे पाहावे लागेल.

खाण म्हटले की कुदळ, घमेले आणि धूळ आठवते. इथे जमिनीतून काहीच निघत नाही. बिटकॉइन ही मुळात हिशेबाची वही आहे. कोणी कोणाला किती नाणी दिली, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तिची कल्पना नऊ पानांच्या निबंधात मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान तयार झाले. या वहीला मालक नाही आणि मुनीमही नाही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. मग नवे पान लिहायचे कोणी? जो आधी कोडे सोडवील त्याने.

कोडे ऐकायला सोपे आहे. पानावरचा मजकूर आणि मनाला येईल तो एक आकडा ‘शा-२५६’ नावाच्या गणिती सूत्रात घातला, की ६४ चिन्हांची एक ओळ बाहेर पडते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. त्या ओळीच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये यावी लागतात. ती आणण्याची युक्ती कोणालाच ठाऊक नाही. आकडा बदलायचा, ओळ पाहायची, पुन्हा आकडा बदलायचा. ज्याची शून्ये जुळली, त्याचे पान वहीला जोडले जाते आणि त्याला बक्षिसाची नाणी मिळतात. २०२१ मध्ये एका पानाला ६.२५ नाणी मिळत. एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. यालाच मायनिंग म्हणतात आणि करणाऱ्याला मायनर.

त्या काळचे एक नावाजलेले यंत्र, ॲंटमायनर एस-१९ प्रो, सेकंदाला ११० लाख कोटी वेळा नशीब अजमावते. त्यासाठी त्याला सव्वातीन किलोवॅट वीज लागते, म्हणजे शेतातल्या पाच एचपीच्या पंपापेक्षा थोडी कमी. पण पंप काही तास चालतो. हे यंत्र अहोरात्र चालते आणि दिवसाला ७८ युनिट संपवते. या धंद्याचा कच्चा माल एकच, आणि तो म्हणजे वीज. मायनर जमीन बघत नाही, बाजारपेठ बघत नाही. युनिटचा दर बघतो.

आपल्याकडे धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाटाखाली कोकणात उतरतात आणि पावसाआधी माळावर परततात. चारा जिथे, तिथे कळप. चीनमधल्या मायनरांचे अगदी असेच चाले. पावसाळ्यात यंत्रे सिचुआन आणि युनानच्या स्वस्त जलविजेवर. नद्या ओसरल्या की तीच यंत्रे ट्रकांत भरून शिनजियांग आणि इनर मंगोलियाकडे, कोळशाच्या विजेवर. केंब्रिज विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्राच्या अंदाजानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये जगातली सुमारे तीन चतुर्थांश मायनिंग-ताकद एकट्या चीनमध्ये होती. एप्रिल २०२१ मध्येही ती ४६ टक्के होती.

हा धंदा विजेला किती घट्ट बांधलेला आहे, हे बंदीच्या आधीच दिसले होते. एप्रिल २०२१ मध्ये शिनजियांगच्या एका कोळसा खाणीत पाणी शिरले आणि कामगार अडकले. त्यानंतरच्या सुरक्षा तपासणीत वीजपुरवठा तोडला गेला, आणि बिटकॉइनची जगभरची गणनशक्ती एकाएकी घसरली. खऱ्या खाणीत पाणी शिरले आणि आकड्यांच्या खाणी बंद पडल्या.

मग सरकारने स्वतःच हात घातला. ऊर्जाबचतीचे उद्दिष्ट चुकलेल्या इनर मंगोलियाने आपल्याकडचे मायनिंग बंद करायचे आधीच ठरवले होते. २१ मे २०२१ रोजी उपपंतप्रधान लिऊ ह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर मायनिंगवर कारवाईची घोषणा केली. आर्थिक धोक्याची काळजी होती, आणि २०६० पर्यंत निव्वळ कार्बन-उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचनही होते. जूनमध्ये छिंगहाय, शिनजियांग, युनान आणि सिचुआन या प्रांतांत आदेशांमागून आदेश निघाले. २४ सप्टेंबरला चीनच्या मध्यवर्ती बँकेने बिटकॉइनसारख्या क्रिप्टो-चलनांचे व्यवहारच बेकायदा ठरवले.

जगभरची यंत्रे मिळून सेकंदाला किती आकडे तपासतात, त्या मापाला हॅशरेट म्हणतात. मेच्या मध्यावर हा आकडा १८० वर अठरा शून्ये इतका होता. जुलैच्या सुरुवातीला तो जवळपास निम्म्यावर आला.

आता खरी गंमत. वहीचे एक पान सरासरी दहा मिनिटांत तयार व्हावे, अशी रचना आहे. नशीब अजमावणारे निम्मे उठून गेले, तर शून्ये जुळायला वेळ लागणारच. जूनच्या उत्तरार्धात एका पानाला सरासरी चौदा मिनिटे लागू लागली. व्यवहारांची नोंद व्हायलाही तितकाच उशीर होऊ लागला. अशा वेळी एरवी आपण काय करतो? बैठक बोलावतो, समिती नेमतो. इथे बैठक बोलावणारा कोणीच नव्हता.

पण सातोशीने बारा वर्षांपूर्वी एक नियम लिहून ठेवला होता. दर २,०१६ पानांनंतर प्रत्येक संगणक मागे वळून पाहतो: ही पाने लिहायला चौदा दिवस लागले का? कमी लागले असतील तर कोडे अवघड करायचे, जास्त लागले असतील तर सोपे. त्या खेपेला चौदाऐवजी एकोणीस दिवसांहून अधिक लागले. ३ जुलै २०२१ रोजी २,०१६ पाने भरली आणि त्याच क्षणी जगभरच्या संगणकांनी, एकमेकांना न विचारता, कोडे २७.९४ टक्क्यांनी सोपे केले. बिटकॉइनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घट. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांच्या जवळ आले. त्या नियमाला चीन ठाऊक नव्हता, बंदी ठाऊक नव्हती. त्याला फक्त पाने मोजता येत होती. एका महासत्तेचा हुकूम आणि संगणकातल्या काही ओळी अशा समोरासमोर आल्या, आणि त्या ओळी पुरून उरल्या.

याचा दुसरा परिणाम तितकाच विलक्षण. पंगतीतून अर्धी मंडळी उठली आणि जिलब्या तेवढ्याच राहिल्या, तर बसलेल्यांच्या पानात जास्त पडतात. ३ जुलैनंतर टेक्सासमधल्या मायनरला त्याच यंत्रातून, तेवढ्याच विजेत, आदल्या दिवसापेक्षा सुमारे ३९ टक्के जास्त नाणी मिळू लागली. म्हणजे चीनच्या बंदीने बाकीच्या जगाला मायनिंग करण्याचे बक्षीसच दिले. बंदी जितकी मोठी, तितके हे बक्षीस मोठे. त्यामुळे बंद पडलेली यंत्रे भंगारात जाण्याऐवजी कंटेनरमध्ये चढली. डिसेंबर २०२१ पर्यंत हॅशरेट बंदीपूर्वीच्या पातळीवर परत आला.

यंत्रे गेली कुठे? सर्वांत जास्त अमेरिकेत. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा वाटा ३५ टक्क्यांवर पोहोचला. टेक्सासमधल्या रॉकडेल या छोट्या गावात कधीकाळी ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याला वीज पुरवणाऱ्या जाडजूड तारा तशाच राहिल्या. त्याच तारांपाशी जगातल्या सर्वांत मोठ्या बिटकॉइन खाणींपैकी एक उभी राहिली.

काही यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली आणि ऑगस्टमध्ये त्या देशाचा वाटा १८ टक्के झाला. तिथली वीज मुख्यतः जुन्या कोळसा केंद्रांची. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत देशाला वीज कमी पडू लागली. जानेवारी २०२२ मध्ये इंधन दरवाढीविरुद्धच्या आंदोलनात सरकारने इंटरनेट बंद केले आणि खाणी मुक्या झाल्या. महिनाअखेरीस त्यांची वीजही तोडली गेली. चीनने आपल्या अंगणातून काढलेला भार शेजाऱ्याच्या दिव्यांवर पडला होता.

आणि काही यंत्रे कुठेच गेली नाहीत. केंब्रिजच्या आकडेवारीत जुलै २०२१ मध्ये चीनचा वाटा शून्य दिसतो, पण सप्टेंबरमध्ये तो पुन्हा वीस टक्क्यांच्या वर आहे. मायनरांनी इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकला होता आणि लहान जलविद्युत केंद्रांजवळ गुपचूप काम सुरू ठेवले होते. सरकारी नोंदीत जे संपले होते, ते दऱ्याखोऱ्यांत चालूच होते.

पर्यावरणाचा हिशेब मनाला लागतो. ‘जूल’ या शास्त्रीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, बिटकॉइनच्या विजेतला अक्षय ऊर्जेचा वाटा २०२० मध्ये सरासरी ४१.६ टक्के होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तो २५.१ टक्क्यांवर आला. सिचुआनची पावसाळी जलवीज सुटली आणि तिची जागा गॅस व कोळशाने घेतली. ज्या बंदीमागे हवा स्वच्छ ठेवण्याचा हेतू होता, तिने बिटकॉइनच्या प्रत्येक युनिट विजेमागचे कार्बन-उत्सर्जन वाढवले.

म्हणून बंदी निरर्थक असते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०२१ च्या उन्हाळ्यात शहरे अंधारात बुडत असताना इराणने चार महिने मायनिंग थांबवले. जानेवारी २०२२ मध्ये कोसोव्होने ऊर्जासंकटात तेच केले. रशियाने १ जानेवारी २०२५ पासून, वीज अपुरी पडणाऱ्या दहा प्रदेशांत २०३१ पर्यंत बंदी घातली आहे. घरातला दिवा आणि दवाखाना आधी, यंत्र नंतर, हा क्रम लावण्याचा हक्क सरकारचाच आहे. भारताने मायनिंगवर बंदी घातलेली नाही, पण २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खाण उभारण्याचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

टेक्सासने वेगळी वाट धरली. जुलै २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत तिथल्या मायनरांनी आपली यंत्रे थांबवली आणि १,००० मेगावॅटहून अधिक वीज घराघरांतल्या एसींसाठी मोकळी झाली. विजेचा दर आणि करार यांनी ते साधले. मात्र असे थांबण्याचे पैसे मायनरांना मिळतात, आणि ते शेवटी कोणाच्या बिलातून जातात, हाही प्रश्न तिथे विचारला जातो.

एका देशाची बंदी त्या देशाची वीज वाचवू शकते. वहीचे पान ती थांबवू शकत नाही. ते पान कोणाच्या विजेवर लिहिले जाणार, एवढेच ती ठरवते. तेव्हा अमुक सरकारने मायनिंगवर बंदी घातल्याची बातमी पुढे कधी वाचाल, तर तिथेच थांबू नका. ती यंत्रे आता कोणत्या गावच्या तारेला जोडली आहेत, आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला नदी आहे की कोळसा, हेही विचारा.