धातूचा शीण

तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच पुनःपुन्हा मागेपुढे वाकविली की बोटांच्या जोरानेही तुटते. धातूला येणारा हा शीण हेलिकॉप्टरच्या बाबतीत प्राणघातक ठरतो. एंजिन बंद पडले तरी फिरत्या पात्यांच्या आधारे हेलिकॉप्टर खाली उतरू शकते. पात्यांची यंत्रणाच भंगली तर आधार उरत नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेटलंड बेटांजवळ तेलक्षेत्रावरून परतणारे चिनूक हेलिकॉप्टर कोसळले. शिणलेले दंतचक्र तडकल्याने त्याची पुढची व मागची पाती एकमेकांवर आदळली आणि ४५ माणसे दगावली.

अवजड ओझी उचलण्याच्या कामात हा शीण झपाट्याने साठतो. अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ अरण्यांतून ओंडके हेलिकॉप्टरला लटकवून आणतात. यंत्राच्या पुष्कळ भागांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजण्याची रीत आहे. परंतु प्रवासी नेणारे यंत्र तासाभरात एकदोनदाच पूर्ण जोर लावते. ओंडके वाहणारे यंत्र त्याच तासात वीसवीस वेळा ओझे उचलते. दर उचलीला ताण चढतो आणि उतरतो, आणि एखाद्या ओरखड्यापासून वा गंजाच्या ठिपक्यापासून निघालेली केसासारखी चीर आत सरकत जाते. घड्याळाचा तास दोघांना सारखाच. धातूचे वय मात्र निराळे.

म्हणूनच अशा यंत्रांच्या बाबतीत तासांबरोबर उचलींचीही गणती ठेवावी लागते. मर्यादा भरली की भाग वरून निर्दोष दिसत असला तरी मोडीत काढावा लागतो. वैमानिकाचे प्राण त्या वहीतील चोख नोंदीवर अवलंबून असतात.